परिचारिकेनें किती सोसावें?

सेवा करणाऱ्या मनुष्यानें सोशिक असावें हें सर्वांस मान्य आहे. परंतु त्यानें किती सोसावें, आणि त्याच्या सोसण्याची मर्यादा ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा विचार आमच्या मंडळ्यांतून जितका व्हावा तितका होत नाहीं. प्रश्न दूरचा नाहीं. ज्या खेड्यांतून हें पत्र वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणची एखादी तरी मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेऊन मुंबई, पुणें, मिरज, नाशिक अशा ठिकाणीं इस्पितळांत नोकरीस आहे. आणि ज्या घरांतून अशी मुलगी गेली नाहीं, त्या घरांतलें कोणी ना कोणी तिच्या हातचें औषध घेऊन बरें होऊन आलें आहे. तेव्हां आम्ही जें लिहीत आहों तें एकीकडे तिच्या आईबापांस उद्देशून आहे, व दुसरीकडे रोग्याच्या उशाशीं बसणाऱ्या नातेवाइकांसहि आहे.

परिचारिकेस मारहाण होते ही गोष्ट कित्येकांस खरी वाटणार नाहीं. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, आरोग्यसेवकांपैकीं शेंकडा ८ ते ३८ जणांस आपल्या नोकरीच्या काळांत केव्हां ना केव्हां अंगावर मार सोसावा लागतो. शिव्या व धमक्या यांचें प्रमाण याहून मोठें आहे. शिवाय ज्या गोष्टींची तक्रार झाली नाहीं त्या कोणत्याच दप्तरांत चढत नाहींत, आणि तक्रार करणाऱ्या परिचारिका थोड्या. कोणी चपराक मारली, कोणी हात पिरगळला, कोणी सलाईनचा स्टँड उगारला, कोणी गर्दीचा फायदा घेऊन अंगास हात लावला. 'आमच्या कामांत हें चालायचेंच,' असें म्हणून ती पुढच्या खाटेकडे वळते. हें वाक्य ती कोठून शिकली? पाठ्यपुस्तकांत तें नाहीं. आम्हांस वाटतें तें तिला आम्हींच, म्हणजे समाजानें व कांहीं अंशीं उपदेशपीठानेंहि, शिकविलें आहे.

रागास नेहमीं जवळचें माणूस लागतें. रक्ताची पिशवी मिळाली नाहीं, अतिदक्षता विभागांत खाट रिकामी नाहीं, मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेंत गुंतले आहेत, औषध बाहेरून आणावयास सांगितलें, बिल अंदाजाबाहेर गेलें. यांपैकीं एकहि गोष्ट परिचारिकेच्या हातची नाहीं. परंतु औषधांची खरेदी अडवून ठेवणारा अधिकारी वॉर्डांत उभा नसतो. उभी असते ती परिचारिका. मृत्यूची वार्तासुद्धां पुष्कळदां नातेवाइकांस प्रथम तिच्याच चेहऱ्यावर वाचावयास मिळते. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा कीं, सर्वसाधारण इस्पितळांत पांच रोग्यांमागें एक व शिक्षण देणाऱ्या इस्पितळांत तीन रोग्यांमागें एक परिचारिका असावी. सरकारी इस्पितळांत ज्यानें आपल्या माणसाजवळ एक रात्र काढली असेल त्यानें आपल्याच डोळ्यांनीं पाहिलें असेल कीं, खाटा चाळीस, जमिनीवर गाद्या घालून आणखी दहाबारा रोगी, आणि परिचारिका एक, फार तर दोन. एका खाटेवरची सलाईन संपत आली आहे, दुसऱ्यावरचा म्हातारा खालीं पडूं पाहतो आहे, आणि तिसऱ्या खाटेवरच्या रोग्याचा भाऊ तिच्यावर ओरडत आहे कीं 'अर्धा तास झाला, तुम्हांला ऐकूं येत नाहीं काय?' त्याचा अर्धा तास खरा आहे. तिचेहि दोनच हात, हेंहि खरें आहे.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळेंच पुष्कळ घोंटाळा होतो. तापांत बडबडणारा रोगी, डोक्यास मार लागलेला, दारू एकदम सुटल्यामुळें भ्रमलेला, किंवा म्हातारपणीं आपल्या मुलासहि न ओळखणारा मनुष्य, यांनीं हात उगारला तर तो हात त्यांचा नव्हे, रोगाचा आहे. परिचारिका हें जाणते. ती त्याचा हात धरते, त्याच्या नांवानें त्यास हांक मारते, आणि लागलेला मार मनांत ठेवीत नाहीं. या सोसण्यांत खरोखर सद्गुण आहे, आणि त्यासमोर आम्ही मान लववितों. परंतु शुद्धीवर असलेला, चहा पिऊन आलेला, सोबत दहा माणसें घेऊन आलेला नातेवाईक जेव्हां तिच्या थोबाडींत देतो तेव्हां तो हात रोगाचा नसतो. तो गुन्हा आहे. महाराष्ट्रांत २०१० सालीं झालेल्या कायद्याप्रमाणें अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि इस्पितळाची मोडतोड केल्यास नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. मराठींत या दोन्हीं गोष्टींस आपण 'सोसणें' हा एकच शब्द लावतों, आणि पहिल्या सोसण्याचा मान दुसऱ्यास देऊन टाकतों. शिवाय भ्रमिष्ट रोग्याच्या बाबतींतहि इस्पितळाचें कर्तव्य संपत नाहीं. उपमा ओबडधोबड आहे, पण आमच्या शेतकरी वाचकांस ती समजेल: मारक्या बैलास पाणी दाखवावयाचें असेल तर शहाणा धनी एकट्या पोरास पाठवीत नाहीं.

मुंबईच्या परळ भागांतील के. ई. एम. इस्पितळाची हकीकत पुष्कळांच्या कानीं असेल. अरुणा शानबाग ही उत्तर कन्नड जिल्ह्यांतील हळदीपूर गांवची, पंचवीस वर्षांची परिचारिका तेथें नोकरीस होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं संध्याकाळीं काम आटोपून ती तळघरांत कपडे बदलावयास गेली असतां, त्याच इस्पितळांतील एका सफाई कामगारानें कुत्र्याच्या साखळीनें तिचा गळा आवळला व तिच्यावर अत्याचार केला. मेंदूस प्राणवायु न मिळाल्यामुळें ती पुन्हां भानावर अशी आलीच नाहीं. आरोपीस लूट व खुनाचा प्रयत्न यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो मोकळा झाला. अरुणा मात्र १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारें साडेएकेचाळीस वर्षें, त्याच इस्पितळांत पडून राहिली.

एवढा काळ तिची शुश्रूषा तेथील परिचारिकांनींच केली. प्रथम तिच्या बरोबरीच्या मैत्रिणींनीं. त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या मागून आलेल्यांनीं. आणि शेवटीं ज्या मुलींचा १९७३ सालीं जन्महि झाला नव्हता त्यांनीं. तिला न्हाऊं घालणें, भरविणें, कुशीवर वळविणें हें पाळीपाळीनें चाललें. इतकीं वर्षें अंथरुणास खिळलेल्या देहास एकहि शय्याव्रण होऊं दिला नाहीं, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढेंहि आली. पुढें तिला दुसरीकडे हलविण्याचा घाट महापालिकेनें घातला तेव्हां परिचारिकांनीं विरोध करून तो बंद पाडला. आणि एका लेखिकेनें दयाबुद्धीनें तिला मरण यावें असा अर्ज केला, तेव्हांहि परिचारिका तिच्या बाजूस उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ च्या निकालांत न्यायालयानें त्यांची इच्छा मानली. दयामरणाचा प्रश्न वेगळा व कठीण आहे. त्यांत आज आम्ही शिरत नाहीं.

ही कथा लोक मोठ्या प्रेमानें सांगतात, आणि सांगण्यासारखीच ती आहे. परंतु सांगतांना तिचा एक तुकडा गळून पडतो. त्या हल्ल्यानंतर मुंबईंत परिचारिकांनीं संप केला होता. अरुणेची नीट काळजी घेतली जावी आणि आम्हां सर्वांस सुरक्षितपणें काम करतां यावें, हें त्यांचें मागणें होतें. लोकांच्या लक्षांत शुश्रूषा राहिली, संप विसरला गेला. पण शुश्रूषा करणारे हात व संप करणारे हात एकच होते. कपडे बदलावयास एक सुरक्षित खोली हवी, एवढ्या साध्या गोष्टीपासून ही हकीकत सुरू होते. पन्नास वर्षांनंतर, ९ ऑगस्ट २०२४ रोजीं, कलकत्त्याच्या आर. जी. कर इस्पितळांत शिकाऊ डॉक्टर असलेल्या एका तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. रात्रपाळींत थोडा विसावा घ्यावा म्हणून ती सेमिनारच्या खोलींत निजली होती. ती परिचारिका नव्हती, डॉक्टर होती; परंतु खोली तीच, जी १९७३ सालीं नव्हती व २०२४ सालींहि नव्हती. त्या प्रकरणाची सुनावणी करतांना सर्वोच्च न्यायालयास अरुणा शानबागचें नांव पुन्हां घ्यावें लागलें.

आम्हांस असें दिसतें कीं, ज्यास आपण योग्य तें देऊं इच्छीत नाहीं त्याची आपण स्तुति करतों. परिचारिकेस 'सिस्टर' म्हणावें, देवी म्हणावें, दिवा हातीं घेतलेल्या नाइटिंगेलबाईंचें चित्र भिंतीवर लावावें, १२ मे रोजीं एक गुलाब द्यावा, म्हणजे झालें. (नाइटिंगेलबाईंनीं स्वतः इंग्लंडच्या सरकारापुढें आंकड्यांचे तक्ते मांडून सैनिकी इस्पितळांची कशी झाडाझडती घेतली, हें त्या चित्रांत दिसत नाहीं.) २२ मार्च २०२० रोजीं सगळ्या देशानें दारांत उभें राहून थाळ्या वाजविल्या. त्याच दिवसांत कित्येक घरमालकांनीं भाड्यानें राहणाऱ्या परिचारिकांस व डॉक्टरांस 'रोग घरांत आणाल' म्हणून खोल्या सोडावयास सांगितलें. पुढें एक महिन्याच्या आंत सरकारास वटहुकूम काढून त्यांच्यावरील हल्ल्यांबद्दल कडक शिक्षा ठरवावी लागली. थाळी वाजविणारे व घर सोडावयास सांगणारे हे दोन वेगळे समाज होते असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या लोकांत या कामाविषयीं एक जुना मानहि आहे आणि एक जुना हलकेपणाहि आहे. डॉ. वानलेस यांनीं मिरजेस १८९४ सालीं इस्पितळ उघडलें त्या काळीं, कोणाच्याहि रक्तामलास हात लावणें व रात्रीं परपुरुषांच्या वॉर्डांत वावरणें हें वरच्या जातींच्या घरांतून विटाळाचें व बेअब्रूचें समजत. म्हणून पुढें कित्येक वर्षें या देशांत परिचारिका होणाऱ्या मुली बहुतांशीं ख्रिस्ती कुटुंबांतल्या असत. त्यांनीं तो विटाळ मानला नाहीं, हें आमच्या मंडळ्यांस भूषण आहे. पण तो हलकेपणा पुरता गेला नाहीं. आजहि वॉर्डांत रागावलेला मनुष्य परिचारिकेस ज्या शिव्या देतो त्या डॉक्टरास देत नाहीं. त्या शिव्यांत तिच्या रात्रपाळीवर व चालीवर घाव असतो.

आतां उपदेशपीठाकडे येतों. मार खाल्लेल्या मुलीस आमचे कित्येक सेवक व उपदेशक असें सांगतात कीं, एका गालावर मारलें तर दुसरा पुढें करावा, ही आपली शिकवण आहे. तक्रार करूं नये. शिकवण खरी आहे. परंतु तींत गाल ज्याचा त्याचा आहे. माझा गाल पुढें करावा कीं नाहीं हें मी ठरवावें. दुसऱ्याच्या मुलीचा गाल धरून तो पुढें करण्याची आज्ञा आम्हांस कोठेंहि दिसत नाहीं. क्षमा ही देणगी आहे, आणि देणगी वसूल करूं लागलें म्हणजे ती खंडणी होते. शिवाय ज्यानें ही शिकवण दिली त्यास स्वतःस मुख्य याजकापुढें एका शिपायानें चपराक मारली तेव्हां तो काय करता झाला, हें योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत पाहावें. त्यानें उलट मारलें नाहीं, शिव्याहि दिल्या नाहींत. परंतु तो गप्पहि बसला नाहीं. मी चुकीचें बोललों असेन तर दाखवून दे, नाहीं तर मारतोस कां, असा जाब त्यानें विचारला. जी परिचारिका सूड न घेतां, रोग्याची सेवा न सोडतां, पोलीस ठाण्यांत जाऊन लेखी तक्रार देते, ती याहून वेगळें काय करते?

मार दिसतो. त्याहून वाईट जें होतें तें दिसत नाहीं. इंग्रजींत त्यास बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं रोगांच्या आपल्या नव्या वर्गीकरणांत त्याचा समावेश केला, परंतु रोग म्हणून नव्हे; कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्यानें होणारी अवस्था म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोष माणसाच्या घडणींत नसून कामाच्या मांडणींत आहे असा त्याचा अर्थ होतो. तिचीं तीन लक्षणें सांगतात: शक्ति पार सरणें, कामापासून मन तुटून तें कडवट होणें, आणि आपल्या हातून कांहीं चांगलें होत नाहीं असें वाटूं लागणें. कंदिलाच्या उजेडांत शिकलेल्या आमच्या पिढीस ही गोष्ट समजावयास जड नाहीं. तेल आहे तोंवर वात जळत नाहीं, तेल जळतें. तेल सरलें म्हणजे वातच जळूं लागते, आणि घरांत करपल्याचा वास येतो.

आमच्या ओळखीची एक परिचारिका आठ दिवसांच्या रजेवर गांवीं आली होती. तिची आई आमच्याकडे गाऱ्हाणें घेऊन आली. "पाळकसाहेब, पोरगी नुसती झोपते. शेजारीपाजारी कोणाशीं बोलत नाहीं. शहराचा वारा लागला तिला." आम्ही तिला भेटलों. दोन महिन्यांपूर्वीं एका रोग्याच्या मुलानें तिला ढकलून दिलें होतें व तिच्या मनगटास पट्टी होती, म्हणून आम्हीं त्याविषयीं विचारलें. ती म्हणाली, "काका, मनगटाचें कांहीं नाहीं. गेल्या महिन्यांत माझ्या वॉर्डांत एक लहान मूल गेलें. त्याची आई माझ्या खांद्यावर डोकें ठेवून रडत होती, आणि मी मनांत केसपेपर कोठें ठेवला तें आठवीत होतें. मला रडूं आलें नाहीं. मार खाल्ला तेव्हां मी एवढी भ्यालें नाहीं, तेवढी त्या रात्रीं भ्यालें."

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आतां एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. 'पाळकसाहेब परिचारिकांची बाजू घेतात. पण त्या आम्हां गरिबांवर कशा खेंकसतात तें त्यांस ठाऊक नाहीं.' तें आम्हांस ठाऊक आहे. फाटक्या कपड्याच्या म्हातारीस 'ए आजी, तिकडे सरक' म्हणणें, प्रसूतीच्या वेणा देणाऱ्या बाईस टोचून बोलणें, रोग्यास नांवाऐवजीं खाटेच्या आंकड्यानें हांक मारणें, हें घडतें, आणि तें वाईट आहे. पण त्यांतील पुष्कळ कडवटपणा वर सांगितलेल्या तीन लक्षणांपैकीं दुसरें लक्षण आहे. करपलेली वात उजेड देत नाहीं, धूर देते. आज एखाद्या सधन रोग्याच्या नातेवाइकानें जिचा अपमान केला, तीच उद्यां एका मजुराच्या बायकोस नीट उत्तर देणार नाहीं. आणि तो मजूर परवां दुसऱ्या कोणा परिचारिकेवर हात उगारील. त्या मजुरासहि आम्ही नुसता गुंड म्हणत नाहीं. त्यानें शेळी विकून औषध आणलें होतें, तीन दाखल्यांसाठीं तीन खिडक्यांपुढें उभा राहिला होता, आणि कोणी त्यास सरळ शब्दांत सांगितलें नव्हतें कीं बाप वांचणार नाहीं. त्याचा राग समजतो. त्याचा हात मात्र क्षम्य होत नाहीं, कारण ज्यांनीं त्यास हिंडविलें त्यांच्यापर्यंत तो पोहोंचलाच नाहीं.

आणखी एक आक्षेप आमच्या वडील मंडळींतून येतो कीं, परिचारिका तास मोजूं लागल्या, पगार मागूं लागल्या, म्हणजे सेवेचा व्यापार होईल. आम्ही विचारतों, उपाशी सेवक अधिक पवित्र असतो काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनें असें ठरविलें कीं, पन्नासांहून कमी खाटांच्या खासगी इस्पितळांतहि परिचारिकेस महिना वीस हजार रुपयांहून कमी वेतन नसावें. पुष्कळ लहान इस्पितळांत तेवढेंहि हातीं पडत नाहीं. मोशे एकटाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसला असतां त्याचा सासरा इथ्रो यानें त्यास काय सांगितलें? धीर धर, अधिक प्रार्थना कर, असें सांगितलें नाहीं. तूं आणि हे लोक दोघेहि झिजून जाल, म्हणून माणसें वाढव व काम वांटून दे, असा त्याचा सल्ला होता. चाळीस खाटांमागें एक परिचारिका ठेवणाऱ्यानें तिला सोशिकपणावर व्याख्यान देण्यापूर्वीं हा सल्ला वाचावा. मिशनचीं व ख्रिस्ती संस्थांचीं इस्पितळें यांतून सुटतात असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. उलट तेथें 'पाचारण' या शब्दाच्या आड कमी पगार व लांब पाळी लपविणें अधिक सोपें जातें.

सरकारनें व व्यवस्थापकांनीं काय करावें हें सांगणारे पुष्कळ आहेत. गांवच्या मंडळीच्या हातीं जें आहे तें लहान आहे, पण तें कोणाच्या परवानगीवाचून करतां येतें. इस्पितळांत रोग्यास भेटावयास टेंपो भरून वीस माणसें नेऊं नयेत. दोघांनीं जावें, आणि त्यांपैकीं एकानें परिचारिकेशीं बोलावें, म्हणजे तिला तेंच उत्तर दहा वेळां द्यावें लागत नाहीं. आपल्या गटांतील कोणी आवाज चढविला तर त्याच्याच माणसानें त्यास बाहेर घेऊन जावें. मारहाणीची तक्रार देण्यास मुलगी निघाली तर बापानें 'चारचौघांत नांव होईल, लग्नाचें काय' म्हणून तिचा हात धरूं नये. सेवकानें तिच्याबरोबर ठाण्यांत जाऊन बसावें. ती रजेवर आली म्हणजे गांवांतला प्रत्येक खोकला व प्रत्येक बाटली तिच्यापुढें नेऊं नये, आणि तिच्या पगारावर धाकट्या भावाच्या मोटारसायकलीचा हप्ता टाकण्यापूर्वीं ती किती रात्री जागली हें विचारावें.

आणि जेथें इस्पितळ जवळ आहे तेथील सेवकांस एक विनंती. शनिवारची रात्रपाळी रविवारीं सकाळीं आठास संपते, आणि आपली उपासना नऊ वाजतां सुरू होते. त्या दिवशीं ती मुलगी देवळांत आली नाहीं तर व्यासपीठावरून तिच्या गैरहजेरीचा उल्लेख करूं नये. उपासना झाल्यावर कोणी तिच्या घरीं प्रसादाचा किंवा प्रीतिभोजनाचा डबा घेऊन गेलें, तर दार वाजवूं नये. डबा तिच्या आईच्या हातीं द्यावा, आणि ती उठल्यावर जेवेल असें सांगून परत यावें.